फ्रीझरला नळ कशासाठी?

हौशी : पैशांचा हिशेब नंतर करू, आधी बाटल्यांचा करा. अमेरिकेत घरी बिअर करणारा माणूस एका वेळी साधारण पाच गॅलन करतो, म्हणजे १९ लिटर. ती १२ औंसांच्या बाटल्यांत भरायची तर ५३ बाटल्या लागतात. प्रत्येक घासायची, निर्जंतुक करायची, बिअरमध्ये मोजून साखर घालायची, बुचं दाबायची आणि दोन आठवडे थांबायचं. कारण फेस आणणारा वायू यीस्टनं बाटलीतच तयार करायचा असतो. साखर कमी पडली तर बिअर मिळमिळीत, जास्त झाली तर बाटली फुटते. त्याऐवजी स्टीलचा एक केग घेतला की भांडं एकच. तो धुवायचा, भरायचा आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडायचा. केग थंड ठेवायला वरून झाकण उघडणारा आडवा फ्रीझर. त्याला बाहेरून तापमान-नियंत्रक जोडला की उणे १८ अंशांची पेटी अधिक ३ अंशांवर थांबते. मग नळ बसवले की झालं. तिकडे ह्याला कीझर म्हणतात.

शंकेखोर : 'बसवले की झालं' ह्या शब्दांवरच माझा आक्षेप आहे. मुळात तुम्ही एका यंत्राला त्याचं काम सोडायला लावताय. ज्यानं मांस आणि मटार दगडासारखे गोठवायचे, त्यानं आता गोठवायचं नाही, फक्त गार ठेवायचं. मग तो वारंवार चालू-बंद होणार आणि काँप्रेसर दमणार. शून्याच्या वर तापमान गेलं की आतला ओलावा गोठून भिंतीला चिकटत नाही, तो पाणी होऊन तळाशी साचतो. त्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणजे बुरशी. नळासाठी भोक पाडायचं म्हटलं तर वायूच्या नळ्या भिंतींच्या आतच लपलेल्या. एक वाकडं भोक, की फ्रीझर भंगारात. वॉरंटी तर पहिल्याच दिवशी संपली. घरगुती फ्रिज कमी पडतो का हो?

हा वाद अमेरिकेतच इतका का रंगला, याला इतिहास आहे. तिथली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरी बिअर करण्याला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळायला आणखी ४५ वर्षे लागली. जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये विधेयकावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा यांनी होकार दिला तो थेट २०१३ मध्ये. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात चार्ली पापाझियन यांनी १९७८ मध्येच होमब्रूअर्सची संघटना उभी केली होती. साधने मात्र आली भलतीकडून. पेप्सी आणि कोका-कोला यांचे सोडा-फाउंटन ज्या पाच गॅलनी स्टीलच्या केगांवर चालत, ते सरबताच्या प्लास्टिक पिशव्या खोक्यात भरून येऊ लागल्यावर निरुपयोगी झाले. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून 'कॉर्नी' म्हटले जाणारे हे जुने केग स्वस्तात विकले गेले आणि हौशी मंडळींनी ते उचलले. मोठे गॅरेज, स्वस्त फ्रीझर, टाकाऊ केग आणि कायद्याची परवानगी हे चारही एकत्र मिळणारा देश दुसरा सहज सापडणार नाही.

हौशी : फ्रिज कमी पडतो, कारण तो उभा असतो. दार उघडलं की जड गार हवा पायांवर सांडते. आडव्या पेटीत ती विहिरीतल्या पाण्यासारखी जागच्या जागी राहते. शिवाय सात घनफुटी फ्रीझरात तीन-चार केग बसतात आणि बिअर नळातून येत असल्यानं झाकण उघडायची वेळच येत नाही. केग बदलायचा असेल तेव्हाच, महिन्यातून एखाद वेळा.

आता तुमचे आरोप. काँप्रेसर दमतो, हे खरं आहे, पण केव्हा? तापमान मोजणारी काडी मोकळ्या हवेत लोंबत ठेवली तर. झाकण उघडलं की हवा लगेच तापते, यंत्र सुरू होतं; पाच मिनिटांत हवा थंड, यंत्र बंद. बंद झाल्या-झाल्या पुन्हा सुरू केलं तर नळ्यांमधला दाब अजून समान झालेला नसतो, त्या दाबाविरुद्ध काँप्रेसरला जोर काढावा लागतो. म्हणून ती काडी केगाच्या अंगाला चिकटवायची आणि वरून फोमचा तुकडा लावायचा. १९ लिटर बिअर हवेइतकी चंचल नसते. शिवाय नियंत्रकात काही मिनिटांचा सक्तीचा विराम घालता येतो. एवढं केलं की यंत्र दिवसातून मोजक्याच वेळा चालतं, आणि उणे १८ राखायला लागते त्यापेक्षा वीजही कमी घेतं.

भोक भिंतीत पाडायचंच नाही. झाकण काढायचं, पेटी आणि झाकण यांच्या मध्ये लाकडी फळ्यांची चौकट बसवायची, आतून इन्सुलेशनचा फोम लावायचा आणि नळांची भोकं त्या लाकडात पाडायची. ह्या चौकटीला कॉलर म्हणतात. फ्रीझरच्या पत्र्याला ड्रिलचं टोकही लागत नाही. पश्चात्ताप झाला तर कॉलर काढा, झाकण परत लावा, मटार परत ठेवा.

शंकेखोर : मटार परत ठेवणारा एकही माणूस मला दाखवा. पण कॉलरचं मान्य. उलट तुमच्या बाजूनं मीच एक कारण देतो: हल्लीच्या पुष्कळ फ्रीझरांत थंडावा आणणारा वायू म्हणून आयसोब्यूटेन असतो, तो ज्वलनशील आहे. भिंतीतली नळी फोडणं म्हणजे आता केवळ यंत्राचं नुकसान राहिलेलं नाही. चालू फ्रीझरच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावून पाहा, कोमट लागतो. उष्णता सोडणाऱ्या नळ्या तिथंच आहेत. कॉलर ही सुतारकामाची हौस नसून नाइलाज आहे. पण तिच्यामुळे नवीन भानगड होते. तुमची ती विहिरीतली हवा तळाशी तीन अंशांवर आणि वर कॉलरपाशी किती?

हौशी : दहा-बारा, कधी त्याहून जास्त.

शंकेखोर : आणि नळ नेमके तिथे. म्हणजे थंड बिअर गरम नळीत येते, विरघळलेला वायू सुटतो आणि पहिला पेला निम्मा फेस.

इथे हौशी खुलतो, कारण हा प्रश्न त्याच्या सगळ्यांत आवडत्या खोलीचे दार उघडतो. कीझरबद्दल बोलणारी माणसे बिअरच्या चवीबद्दल जितकी बोलत नाहीत तितकी फेसाबद्दल बोलतात.

हौशी : त्यासाठी एक छोटा पंखा, संगणकात असतो तेवढा. तो तळाची हवा वर कॉलरमध्ये फेकतो. ओलाव्यासाठी पुन्हा वाळवता येणारी सिलिका-जेलची डबी. पण फेसाचं खरं गणित दाबाचं आहे. विल्यम हेन्री यानं १८०३ मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलाय: द्रवात किती वायू विरघळेल हे त्याच्यावरच्या वायूच्या दाबावर ठरतं. आणि द्रव जितका थंड, तितका वायू जास्त मावतो. साडेतीन अंशांच्या आसपास १२ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला १२ पौंड, दाब ठेवला, तर आठवड्या-दोन आठवड्यांत बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीचपट कार्बन डायऑक्साइड मुरतो. एका नेहमीच्या अमेरिकन एल बिअरला तेवढाच हवा.

आता हाच १२ पीएसआय बिअरला नळातून ढकलणार. नळी आखूड आणि रुंद असली तर बिअर धाडकन बाहेर येते आणि दाब एका झटक्यात उतरल्यानं फेसाळते. मग अडाणी माणूस काय करतो? दाब कमी करतो. पेला त्या दिवशी बरा भरतो, पण केगातली बिअर हळूहळू वायू सोडत मिळमिळीत होते. शहाणा माणूस दाबाला हात लावत नाही, नळी लांब करतो. तीन-षोडशांश इंच पोकळीची, म्हणजे पाच मिलिमीटरहूनही अरुंद नळी, आठ-दहा फूट लांब, गुंडाळी करून केगावर ठेवलेली. वाटेतल्या घर्षणात दाब जिरतो आणि नळाशी बिअर शांतपणे येते. तापमान, दाब आणि नळीची लांबी ह्या तिघांपैकी एकाला हलवलं की दुसऱ्या दोघांशी बोलणी करावी लागतात. बारमध्ये बसून बिअर पिणाऱ्याला हे कधी कळत नाही.

शंकेखोर : त्याला कळायची गरजही नाही, तो त्याचेच तर पैसे देतो. बघा, तुम्ही पेटी विकत घेतलीत, मग तिच्या थर्मोस्टॅटवर विश्वास नाही म्हणून नियंत्रक, भिंतीला भोक नको म्हणून कॉलर, कॉलर तापते म्हणून पंखा, पाणी साचतं म्हणून सिलिका, फेस येतो म्हणून दहा फूट नळी. फ्रीझर दोनशे डॉलरच्या आसपासचा, पण चार नळ, चार केग, रेग्युलेटर, सिलिंडर धरलं तर त्याची किंमत एकूण खर्चाच्या निम्मीही राहत नाही. पैशांचं इथेच संपवतो, हौसेला मोल नसतं. मला नडतं ते पुढचं. नळ्या कोण धुणार?

अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनचा बारवाल्यांना सल्ला आहे की दर १४ दिवसांनी नळ्या अल्कधर्मी द्रावणानं धुवाव्यात आणि दर तीन महिन्यांनी आम्लानं, कारण कॅल्शियम ऑक्झलेटचा थर साध्या साबणाला दाद देत नाही. बारमध्ये नळातून दिवसभर बिअर वाहत असते, तरी हा नियम. तुमच्याकडे तीच बिअर मंगळवारपासून शनिवारपर्यंत नळीत उभी. तिथे लॅक्टिक जिवाणू येतात, बिअरला लोण्याचा वास येतो. नळाच्या तोंडाशी हवा लागते, तिथे व्हिनेगरवाले येतात. बाटली ही निदान एकदाच धुवायची आणि बंद करायची वस्तू होती. तुम्ही ५३ बाटल्यांचं ओझं उतरवलंत आणि पंधरवड्याचं व्रत घेतलंत. शिवाय भरलेला केग तेवीस-चोवीस किलोंचा. तो कॉलरच्या वरून उचलून आत सोडायचा, चाळिशीच्या कमरेनं.

हौशी : कॉलर झाकणाला जोडायची, पेटीला नाही. मग झाकणाबरोबर तीही वर उचलली जाते आणि केग चढवायची उंची फ्रीझरच्या मूळ काठाएवढीच राहते. धुण्याचं म्हणाल, तर ते मी नाकारत नाही, मला आवडतं. हे तुम्हाला पटणार नाही, पण ह्या उद्योगात पडलेल्या माणसाला बिअर जेवढी प्यायची असते, त्याहून जास्त सांभाळायची असते. आणि यंत्राला भलत्या कामाला लावलं म्हणता? कृत्रिम थंडीचं यंत्र मुळात बिअरच्याच घरी वाढलं. कार्ल फॉन लिंडे यानं आपलं पहिलं शीतयंत्र १८७३ मध्ये म्युनिकच्या स्पाटेन ब्रूअरीत चालवून पाहिलं. लागर बिअर थंडीत मुरवावी लागते, तळघरात बर्फाच्या लाद्या रचून कारखानदार थकले होते, म्हणून त्या संशोधनाला पैसा मिळाला. मटार नंतर आले.

शंकेखोर : इतिहास छान आहे, पण स्पाटेनच्या तळघरात कामगार होते आणि हवा खेळती ठेवणं हे कुणाचं तरी काम होतं. तुमच्या तळघरात कोण? पाच पौंडांचा सिलिंडर घ्या. त्यात सव्वादोन किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड मावतो. तो सगळा सुटला तर खोलीच्या तापमानाला सुमारे सव्वा घनमीटर वायू होतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि नेहमीच्या उंचीची बंद खोली असेल तर हवेतलं प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या वर जाईल. नेहमीच्या हवेत ते ०.०४ टक्के असतं. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्य संस्था निओश चार टक्के म्हणजे जिवाला तत्काळ धोका मानते. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणजे आधी जमिनीलगत आणि त्याहीआधी तुमच्या त्या पेटीत साचणार. तुम्ही ज्या गुणाचं मघाशी कौतुक केलंत, गार जड हवा आत टिकून राहते, तोच गुण इथे उलटतो. गळती झालेल्या पेटीत डोकं घालून कनेक्टर शोधायचा, हे चित्र मला आवडत नाही.

हौशी : सगळा सिलिंडर एका दमात सुटणं दुर्मीळ आहे. नेहमीची गळती बारीक असते. सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुड्यांतून दिसते. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे, इथे मी वाद घालत नाही. सिलिंडर पेटीबाहेर, खेळत्या हवेत, साखळीनं बांधून. दर पाच वर्षांनी त्याची दाबाची चाचणी कायद्यानंच लागते, ती झाल्याशिवाय भरून देत नाहीत. आणि तळघर असेल तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म. कार्बन मोनॉक्साइडचा नव्हे. तो घरात आधीच असतो आणि लोकांना वाटतं भागलं.

शंकेखोर : इतका वेळ यंत्राविषयी बोललो, आता माणसाविषयी. बाटली मोजता येते. रविवारी सकाळी टेबलावर चार रिकाम्या दिसल्या की चार. नळाला आठवण नसते. चार केग भरून ठेवलेत म्हणजे दोनशेहून अधिक बाटल्यांची बिअर घरात, थंड, तयार, बूचही उघडायला नको. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित म्हणावं असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. तुम्ही सगळी बुद्धी लावून काय कमी केलंत? हात आणि पेला यांमधलं अंतर.

हा आक्षेप उत्साही लोकांना आवडत नाही. बहुतेक जण तो हसण्यावारी नेतात. हौशी तसे करत नाही.

हौशी : उलटही घडतं, तेही ऐका. बाटली उघडली की ती संपवावी लागते. अर्धी ठेवली तर उद्या तिच्यात दम नाही. नळातून मी शंभर मिलिलिटर घेऊ शकतो, जेवणाबरोबर, आणि उरलेली केगात तशीच्या तशी राहते. साडेतीन टक्क्यांची हलकी बिअर दुकानात सहज मिळत नाही, मी ती करून ठेवू शकतो. मुलांच्या हाताला लागू नये म्हणून नळांना कुलुपं मिळतात. आणि चारही नळ बिअरचेच कुठे असतात? बऱ्याच घरांत एक नळ निव्वळ सोड्याचा असतो. त्याचाही बिअरशी जुना संबंध आहे. जोसेफ प्रिस्टली लीड्समध्ये ब्रूअरीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपावर साचलेल्या वायूत पाण्याचं भांडं धरून त्यानं १७६७ मध्ये सोडावॉटर केलं. हेन्रीचा नियम लिंबूसरबताला लागू नाही, असं थोडंच आहे?

इथे महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक खुलासा. पुण्यात २००९ मध्ये डुलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाल्यापासून ताजी बिअर नळातून पिणे आपल्याकडे नवे राहिलेले नाही, पण त्या जागा परवानाधारक आहेत. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा राज्यात गुन्हा आहे आणि घरगुती बिअरला अमेरिकेसारखी वेगळी सूट नाही. न्यू जर्सीतल्या मुलाच्या गॅरेजात पाहिलेली पेटी चिंचवडमध्ये उभारायची असेल, तर ती सोड्याचीच.

शंकेखोर : सोड्याचा नळ मी आनंदानं मान्य करतो. तो बसवा, महिनाभर चालवा, नळ्या धुवा, फेसाचं गणित सोडवा. तुम्हाला सांभाळण्यातच आनंद आहे म्हणता ना? मग सोडा सांभाळूनही तो मिळायला हवा. नाही मिळाला, तर आनंद सांभाळण्यात नव्हता, हे आपल्याला कळेल.

हौशी : ही परीक्षा न्याय्य नाही. सोड्यात सांभाळण्यासारखं काय आहे? त्याला गव्हाचा वास नाही, हवेनं बिघडतील अशी हॉप्सची फुलं त्यात नाहीत, तो तिसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा चांगला होत नाही. केग हवाबंद राहतो म्हणून ताज्या हॉप्सचा सुगंध टिकतो. बाटली भरताना जो प्राणवायू आत जातो तोच तो सुगंध मारतो. मला सांभाळायचं आहे ते काहीतरी जिवंत. मात्र तुमचा मोजण्याचा मुद्दा मी घेतो. रिकामा केग चार किलोंच्या आसपास, भरलेला तेवीसच्या पुढे. पेटीत केगाखाली वजनकाटा ठेवायचा. दर रविवारी वजन लिहायचं. आठवड्यात पाच किलो उतरले म्हणजे पाच लिटर गेले, त्यात पाहुण्यांचे किती ते आठवतं. नळाला आठवण नसते म्हणालात, ती अशी देता येते.

शंकेखोर : कल्पना चांगली आहे. पण लिहिणारा आणि पिणारा एकच माणूस असेल तर ती हिशेबाची वही होत नाही, रोजनिशी होते. काय वाटेल ते लिहिता येतं. तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणालाही दिसेल अशा जागी लावा, मग मी नळ्यांबद्दल, कमरेबद्दल एक शब्द बोलणार नाही. कुठे लावाल?

हौशी : झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथे जागा आहे.

शंकेखोर : झाकण महिन्यातून एखाद वेळा उघडतं, असं तुम्हीच मघाशी सांगितलंत.